घोरण्याचा आवाज

गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगर या हेरॉइनच्या, व्यसनातून बाहेर पडून मला अकरा वर्षे झाली. त्यांतली आठ मी तीस खाटांच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून काढली आहेत. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले आणि बऱ्या झालेल्या रुग्णाने नव्या रुग्णाला सांभाळण्याची पद्धत आपल्याकडे रुजत गेली; आमचे केंद्र लहान आणि दुसऱ्या जिल्ह्यातले असले, तरी तेथेही हाच शिरस्ता आहे. गर्द बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाला आम्ही टर्की म्हणतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, अंगावर काटा उभा राहतो आणि पोटऱ्यांत असे काही वळवळते की पाय आपोआप झाडले जातात. औषधे डॉक्टर देतात, पण रात्री तीन वाजता ते पाय दाबत बसतो तो दोन आठवड्यांपूर्वी त्याच खाटेवर पाय झाडणारा मुलगा. मला आमच्या कामातल्या याच गोष्टीचा सर्वांत जास्त अभिमान आहे, आणि मागच्या महिन्यातल्या पालकसभेपासून याच गोष्टीने मला अस्वस्थ केले आहे.

त्या रविवारी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका आले. त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे पस्तीस दिवस राहून घरी गेला होता. टायरच्या दुकानात कामाला लागला होता, दर गुरुवारी एसटीने तालुक्याच्या गावी व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगला जात होता. सत्त्याण्णवाव्या दिवशी तो गेला. काकांनी पिशवीतून आमचीच सूचनापत्रिका काढली. घरी जाताना आम्ही पालकांच्या हातात देतो ती. त्यांनी ती लॅमिनेट करून कपाटाच्या दाराला लावली होती. उभे राहून त्यांनी तिच्या अकराच्या अकरा ओळी वाचल्या: जुनी संगत सोडा, हातात रोख पैसे देऊ नका, भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांपासून सावध राहा. सातव्या ओळीवर ते थांबले. काही महिने नीट झोप लागणार नाही, पालकांनी घाबरू नये, अशी ती ओळ आहे.

“हे वाचूनच मी धीर धरला होता, सर,” ते म्हणाले. “पोरगं रात्र-रात्र अंगणात फेऱ्या मारायचं. त्या रात्री दहाच्या सुमाराला खोलीतून घोरण्याचा आवाज आला, मोठा, अडकत अडकत येणारा. मी हिला म्हटलं, लागली एकदाची झोप. कडी वाजू नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं.”

सकाळी मुलाचे ओठ निळे पडलेले होते.

गर्द प्रमाणाबाहेर गेली की श्वास मंदावतो, घसा सैल पडतो आणि जी घरघर लागते ती ऐकणाऱ्याला गाढ झोपेतले घोरणे वाटते. तीन महिने कोरड्या राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि मुलगा मात्र जुन्याच मापाने घेतो. हलवूनही न उठणाऱ्याला कुशीवर वळवायचे, १०८ला फोन लावायचा, रुग्णालयात गर्दचा असर उतरवणारे नॅलोक्सोनचे इंजेक्शन मिळाले तर श्वास परत येऊ शकतो, पण त्याचा असर तासा-दीड तासात ओसरत असल्याने लगेच घरी न्यायचे नाही: एवढे सांगायला एक बारावी ओळ पुरली असती.

ती का नव्हती, हे मला ठाऊक आहे. मी रुजू झालो त्या वर्षी एका तरुण डॉक्टरांनी ती सुचवली होती. पुन्हा घेतली तर काय करायचे हे सांगणे म्हणजे घ्यायला परवानगी देणे, असे आमचे ज्येष्ठ समुपदेशक म्हणाले आणि मी मान डोलावली. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. निर्णय मात्र चुकीचा होता आणि त्यात माझाही वाटा आहे. आम्ही अनुभवाला डॉक्टरांच्याही वर बसवतो, पण आमच्या सभेत बोलायला उभे राहतात ते सगळे वाचलेले असतात. माझाही पाय दोनदा घसरला होता आणि दोन्ही वेळा मी सकाळी उठलो. म्हणून घसरणे म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागणे, एवढेच मी इतकी वर्षे मुलांना शिकवत आलो.

बारावी ओळ आता मी प्रत्येक पत्रिकेवर हाताने लिहितो. छापायला विश्वस्तांची मंजुरी अजून मिळालेली नाही.

संध्याकाळी काकांना फाट्यावर सोडायला गेलो. बस दिसू लागल्यावर त्यांनी विचारले, “मी दार ओढलं तेव्हा त्याला उठवायला हवं होतं का?” घरघर चालू होती म्हणजे श्वास चालू होता. आमच्या खोलीच्या भिंतीवर पहिलाच नियम प्रामाणिकपणाचा आहे आणि तो मुलांना मीच समजावून सांगतो.

“नाही, काका,” मी म्हणालो, “तेव्हा उशीर झालेला होता.”

ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग पत्रिका पिशवीत नीट ठेवून ते बसमध्ये चढले.