फ्रिज बांधला होता पट्ट्यांनी, सुटला खालून

"भाऊ, फ्रिज थंडा नाही करून राहिला." तक्रार एवढीच. परतवाड्यात आमच्या वर्कशॉपला ऐन मे महिन्यात आलेली ती कॅम्पिंगची ट्रॉली: एकाच अॅक्सलची, पाट्यांच्या स्प्रिंगवरची, वर तंबू, बाजूला भांड्यांचे कप्पे आणि मागच्या कप्प्यात स्लाइडवर बसवलेला १२ व्होल्टचा ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज. मालक मेळघाटाच्या कडेकडेनं शेतांत मुक्काम करत फिरणारा. गॅस संपला असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. अशा फ्रिजचा गॅस सहसा आपोआप संपत नाही. कुठं गळती असेल तरच जातो. म्हणून गॅसचा दाब बघायचं गेज लावायच्या आधी फ्रिजला हात लावून हलवला.

फ्रिज पट्ट्यांत करकचून बांधलेला, तसूभरही सरकेना. पण स्लाइडसकट तो अख्खा बोटभर वर उचलला गेला.

स्लाइड १२ एमएमच्या प्लायवर सेल्फ स्क्रूंनी ठोकलेली. पट्टे काढून फ्रिज उतरवला तर खाली लाकडाचा भुसा, भोकं लांबुळकी झालेली आणि मागच्या तीन स्क्रूंची डोकी तुटून पडलेली. मागचे, म्हणजे आतल्या टोकाचेच का, तर फ्रिज बाहेर ओढला की त्याचं वजन ट्रॉलीच्या बाहेर लोंबतं आणि स्लाइडची मागची बाजू वर उचलायला बघते. म्हणजे दर वेळी पाण्याची बाटली काढताना ते स्क्रू थोडे उपसले जायचे. वर पांदण रस्त्याचे गचके. पावसाळ्यात काळ्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात दगडासारख्या होतात आणि ट्रॉली त्यातून तिरपी डोलत जाते. रिकामा फ्रिज १९ किलोचा, भरलेला ४० च्या आसपास, स्लाइड १५ ची. चाक उसळून आपटलं की या ५५ किलोंचा झटका दुप्पट-तिप्पट होऊन बसतो. त्यात फ्रिज अॅक्सलच्या मागं, आणि दणका सगळ्यात जास्त शेपटालाच लागतो.

आता थंड का होत नव्हता? दोन रॅचेट पट्टे (दातेरी चाकानं आवळायचे) थेट झाकणावरून गेले होते. ट्रकवाल्यांची सवय: अजून एक दाता ओढू. झाकण मधून दबलं की कोपरे उचलतात. कागदाची पट्टी झाकणात धरून ओढली तर मधे घट्ट, कोपऱ्यात मात्र अलगद निघून आली. त्याच कोपऱ्यात आतून बर्फाचा थर. गरम हवा आत शिरणार, कॉम्प्रेसर थांबणार नाही, बॅटरी रात्रीतच बसणार. त्यात वायर दीड चौरस एमएमची, बॅटरीपासून सहा मीटर, टोकाला गाडीतल्या सिगरेट लाइटरचं सॉकेट. कॉम्प्रेसर चालू असताना मीटर लावला: बॅटरीवर १२.४ व्होल्ट, फ्रिजच्या टोकाला ११.२. कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज ज्याच्या खाली गेलं की फ्रिज स्वतःच बंद होतो ती पातळी, 'हाय'वर असल्यानं फ्रिज बंद पडायचा, भार उतरला की व्होल्टेज वर यायचं, पुन्हा चालू, पुन्हा बंद. गॅस होता तेवढाच होता.

खालची बांधणी आधी धरली. चेसिसचे आडवे दांडे (क्रॉस मेंबर) स्लाइडच्या भोकांखाली येत नव्हते, म्हणून ४० बाय ४० बाय ५ एमएमचे दोन लोखंडी अँगल आडवे वेल्ड केले (बॅटरीची दोन्ही टोकं आणि फ्रिजची पिन काढून, हे सांगायलाच हवं). हे करताना स्लाइड ४० सेंमी पुढं घेतली, अॅक्सलच्या जरा पुढं. ८ एमएमचे ८.८ ग्रेडचे (मजबूत पोलादाचे) सहा बोल्ट, खाली मोठे वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले), १३ नंबरचा पाना.

प्लायची गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. बोल्ट नुसता प्लायमधून कसला तर लाकूड दबत राहतं आणि आठवडाभरात नट ढिला. नायलॉक नट फिरत नाही, पण ताण गेलेला असतो. म्हणून प्रत्येक भोक १२ एमएमचं करून त्यात १२ एमएम लांबीचा लोखंडी पाइपचा तुकडा बसवला, आत ८ एमएमची वाट. आता वॉशर, पाइप, अँगल असा लोखंडाला लोखंड दाब बसतो, प्लाय फक्त फरशीपुरता उरतो. टॉर्क पाना २५ न्यूटन-मीटरवर.

फ्रिज घसरू नये हे काम पट्ट्यांचं नाही. स्लाइडच्या ताटाला चारही बाजूंनी २५ एमएम उंचीची पट्टी आणि बुडाला ५ एमएमची रबर मॅट टाकली की आडवं घसरणं थांबतं. पट्ट्यांनी फक्त खाली धरायचं. २५ एमएमचे कॅम बकलचे (दाबून धरणाऱ्या साध्या बकलचे) पट्टे, हँडलपासून ताटाच्या चार कड्यांपर्यंत तिरपे, झाकणाला न शिवता. कॅम बकल हातानंच ओढायचा, त्यामुळं जास्त आवळला जात नाही. हँडल प्लास्टिकमध्ये स्क्रूनं बसवलेली असतील तर त्यांवर भार देऊ नये. मग बॉडीभोवती पट्टा घ्यावा, पण फ्रिजची हवेची जाळी मोकळी ठेवून. जाळीच्या बाजूला ५० एमएम मोकळं हवं. या ट्रॉलीत नेमक्या तिथंच गाद्या कोंबल्या होत्या. मे महिन्यात बंद पत्र्याच्या कप्प्यात कॉम्प्रेसरनं करावं तरी काय? खाली एक, वर एक झरोका पाडला, जाळी लावून.

वायर ६ चौरस एमएमची, बॅटरीच्या वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज, लाइटरच्या जागी अँडरसन प्लग (जास्त करंटचा, घट्ट बसणारा). स्लाइड पूर्ण बाहेर येईल एवढी ढील ठेवून वायर वरून घेतली, नाहीतर स्लाइडच्या दातांत चेचली जाते. त्याच लोडवर आता १२.४ चे १२.२.

नटांवर आणि अँगलवर सलग रंगाची रेघ मारून सेमाडोहकडं घाटात आणि परतताना एका पांदणीवर फिरवून आणली. रेघा जागेवर, म्हणजे नट फिरले नव्हते. मागचा एक पट्टा सैलावला होता, कारण रबर मॅट दबून बसते. पहिल्या दिवशी तो ओढावाच लागतो. फ्रिज कधी आडवा पडला तर उभा करून काही तास तसाच ठेवायचा, तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरल्यावरच चालू करायचा, हे मालकाला सांगून ठेवलं. आणि कट-ऑफ 'मीडियम'वर केला, अगदी 'लो'वर नाही, कारण त्याच बॅटरीवर त्याचा पंखाही चालतो.