अनुक्रमणिकेची नोंदवही : आकडा कुठे टांगायचा?

मुखपृष्ठांचा अभ्यास बाजूला ठेवून मी संगीत मासिकांच्या अनुक्रमणिकेकडे वळलो, त्यानंतरची ही पहिली सविस्तर नोंद. पद्धत साधी आहे. पानावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि मजकूर न वाचता फक्त ठोकळे काढायचे: मासिकाचं नाव, तारीख, रकाने, फोटो, आकडे. आठ-दहा पानं अशी उतरवली की ते कागद एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरायचे.

रंग, फॉन्ट आणि चेहरे गेले की खालचा सांगाडा आश्चर्य वाटावं इतका सारखा निघतो. वर आडवी पट्टी, त्यात लोगो लहान आकारात पुन्हा, शेजारी अंकाची तारीख. एक मोठा फोटो, बहुतेक वेळा मुखपृष्ठावरच्याच कलाकाराचा, पण त्याच फोटोसेशनमधली दुसरी पोझ. एका बाजूला मुख्य लेखांचा रकाना, दुसऱ्या बाजूला दर अंकात येणारी सदरं: पत्रं, परीक्षणं, मैफलींच्या तारखा. तळाशी वर्गणीची जाहिरात. साप्ताहिक असो वा मासिक, मेटलचं असो वा हिप-हॉपचं, ही हाडं फारशी हलत नाहीत.

मग फरक पडतो कुठे? ट्रेसिंग पेपरांकडे बघून माझं मत असं झालंय की सगळा फरक पान क्रमांकाला मिळालेल्या वागणुकीत आहे.

जरा विचार करा. मुखपृष्ठ कलाकारांची नावं ओरडून सांगतं, पण ती कुठल्या पानावर आहेत हे सहसा सांगत नाही. तो शब्द पाळायचं काम अनुक्रमणिकेचं. वाचक इथे वाचायला थांबत नाही, तो आकडा घेऊन पुढे जातो. म्हणूनच जाणकार मांडणीकार आकड्याला शीर्षकापेक्षा मोठा करतो, अंकाच्या मुख्य रंगात बुडवतो, उजवीकडे जुळवून शीर्षकाला अगदी खेटून उभा करतो. जुन्या पुस्तकांतली ठिपक्यांची ओळ (डावीकडे नाव, उजव्या टोकाला पान) इथे क्वचितच दिसते. ठिपक्यांवरून नजर चालत जावी लागते, आणि तेवढा धीर इथे कोणी गृहीत धरत नाही.

फोटोवर बसवलेला आकडा हा तर माझा सगळ्यात आवडता संकेत. १९८१ साली सुरू झालेल्या 'केरँग!' या ब्रिटिश रॉक-मेटल नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेत लहान-लहान फोटोंची दाटी असायची आणि प्रत्येकावर आकडा ठोकलेला. हे नाव मुळात गिटारच्या दणक्याच्या आवाजावरून आलंय आणि पानही तसंच कानावर आदळतं. उलट 'व्हाइब' या अमेरिकन हिप-हॉप मासिकाची गाजलेली पानं बघा: एकच कलाकार, मागे पानभर पसरलेलं 'व्ही' हे अक्षर, भरपूर मोकळी जागा आणि बारीक अक्षरातली यादी कडेला. तिथे आकडा मुद्दाम नमतं घेतो, कारण पान आधी पोस्टर आहे आणि मग यादी. दोन्ही पानं मला पटतात. पटत नाही ती मधली पानं, जिथे फोटोही मोठा, आकडाही मोठा, आणि दोघं एकाच कोपऱ्यासाठी भांडतात.

'एनएमई'च्या पानावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' हे त्याचं पूर्ण नाव; १९५२ साली सुरू झालेलं आणि २०१८पर्यंत छापलं गेलेलं ब्रिटिश साप्ताहिक. त्याच्या रंगीत काळातल्या अंकांत अनुक्रमणिकेच्या कडेला एक बारीक, उभा रकाना असायचा: बँडची नावं वर्णानुक्रमाने आणि पुढे पान क्रमांक. म्हणजे एका पानावर दोन अनुक्रमणिका. एक संपादकाने लावलेली, महत्त्वाच्या क्रमाने. दुसरी वाचकाने वापरायची, नावाच्या क्रमाने. संगीताचा वाचक लेख शोधत नाही, आपला बँड शोधतो, मग तो दोन ओळींच्या बातमीत का असेना. हे ज्याने ओळखलं त्याला माझा सलाम. ही सूची अंक पूर्ण लागल्याशिवाय बनवताच येत नाही, हेही लक्षात घ्या. शेवटच्या घटकेला एखादी जाहिरात आली किंवा गळली की पुढची पानं सरकतात आणि सगळे आकडे पुन्हा तपासावे लागतात. अंकात अगदी पुढे दिसणारं पान हातावेगळं होतं मात्र जवळपास शेवटी.

संकेत मोडणाऱ्यांची दोन उदाहरणं इथे नोंदवतो. नेव्हिल ब्रोडी 'द फेस' या ब्रिटिश संगीत-फॅशन मासिकाचा कला दिग्दर्शक असताना, १९८०च्या दशकाच्या मध्यात, त्याने 'कंटेंट्स' (अनुक्रमणिका) या शब्दाचीच अंकागणिक मोडतोड केली. अक्षरं तुटत गेली आणि शेवटी खुणा म्हणाव्यात अशा आकृत्या उरल्या. तरी वाचक अडला नसणार, कारण तो शब्द कोणी वाचतच नाही. जागा आणि रकाने बघूनच पान ओळखू येतं. डेव्हिड कार्सनचं उदाहरण वेगळं. १९९२ साली सुरू झालेल्या, त्याने मांडणी केलेल्या 'रे गन' या अमेरिकन संगीत मासिकात अनेकदा आतल्या पानांवर क्रमांकच छापलेले नसत. ब्रोडीने पाटी बदलली, कार्सनने रस्त्यावरचे मैलाचे दगड उपटले. मला दोघांबद्दल आदर आहे, पण अनुक्रमणिकेचा विद्यार्थी म्हणून मी ब्रोडीच्या बाजूने आहे.

आता प्रयोगाकडे. नुसतं बघून समजत नाही म्हणून ए-फोर आकाराचं एक काल्पनिक पान देवनागरीत जुळवायला घेतलं. सहा स्तंभांचा ग्रिड, पैकी चार फोटोला, दोन यादीला. आकडा ३० पॉइंट (अक्षरांच्या आकाराचं माप), शीर्षक १४, खालचं एका ओळीचं वर्णन ९ पॉइंट आणि १२ची लीडिंग, म्हणजे ओळीपासून ओळीचं अंतर. ही मापं मी इंग्रजी पानांवरूनच घेतली होती आणि पहिल्या प्रिंटमध्येच तीन ठिकाणी ती फसली.

एक तर लीडिंग. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांत अडकले. ९ पॉइंटला १५ची लीडिंग केल्यावर ओळी सुटल्या. हे अपेक्षितच होतं.

दुसरं म्हणजे विभागांची शीर्षकं. इंग्रजीत ती लहान आकाराच्या कॅपिटल अक्षरांत, अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून लावतात आणि तेवढ्यानेच ती यादीपासून वेगळी होतात. आपल्याकडे कॅपिटल नाहीत आणि अक्षरं लांब केली की शिरोरेषा तुटते. 'मुख्य लेख' हे शब्द तसे लावून बघितले तर दात पडल्यासारखे दिसले. शेवटी रंगीत पट्टीवर पांढरी ठळक अक्षरं घेतली. जागा जास्त जाते, पण वेगळेपण लगेच दिसतं.

तिसऱ्या अडचणीने मात्र दोन रविवार घेतले. ३० पॉइंटचा '४८' आणि शेजारी १४ पॉइंटचं शीर्षक, दोन्ही खालच्या रेषेवर जुळवलेले, जसे इंग्रजीत असतात. मोजमाप चोख होतं, तरी शीर्षक आकड्याच्या पायाशी बसल्यासारखं दिसत होतं. फॉन्ट बदलला, अंतर कमी-जास्त केलं, काही उपयोग झाला नाही. मग ट्रेसिंग पेपरवर फक्त शिरोरेषा काढली, बाकी काहीच नाही, आणि उत्तर समोर आलं. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात, देवनागरी अक्षरं वरच्या रेषेला लटकतात. आकड्याला शिरोरेषा नसते. ती त्याला शेजारच्या शब्दाकडून उसनी मिळायला हवी. '४८'चा माथा शीर्षकाच्या शिरोरेषेच्या पातळीवर आणला, तशी ती रेषा आकड्याच्या डोक्यावरून सुरू होऊन शब्दात शिरते असा भास झाला. वर्णनाची ओळ शीर्षकाखाली, आकड्याच्या उरलेल्या उंचीच्या शेजारी अलगद बसली. तोच रकाना, तीच मापं, पण यादी एकदम घट्ट दिसायला लागली. ज्यांनी देवनागरीत असं काही जुळवलंय त्यांनी हे जरूर करून बघा, आणि आकडे समान रुंदीचे असलेला फॉन्ट निवडा, नाहीतर '११' आणि '४८' एकाखाली एक येताना डावी कड लडबडते.

सध्या बँडच्या सूचीवर अडलोय. इंग्रजीत ती ए ते झेड सरळ पसरते. देवनागरीत लावली तर एसी/डीसी, एक्सटीसी, एमसी फाइव्ह, एलसीडी साउंडसिस्टम आणि एनडब्ल्यूए हे सगळे 'ए'खाली येऊन बसतात, कारण ए, एफ, एल, एम, एन, एस, एक्स या सगळ्या अक्षरांचा उच्चारच 'ए'ने सुरू होतो. यू-टू 'य'मध्ये जातो, आरईएम 'आ'मध्ये. 'द'चा प्रश्न इंग्रजी सूचीसारखाच सोडवला: बीटल्स 'ब'खाली, 'द' मागे. 'ए'च्या गर्दीसाठी आद्याक्षरी नावांचा छोटा वेगळा गट अगदी वर काढून बघितलाय. त्याचं पहिलं प्रिंट भिंतीवर लावलं आहे आणि लांबून बघितलं की तो गट पट्टीला चिकटलेला दिसतो, म्हणून आज त्याला खाली सूचीच्या शेवटी हलवणार आहे.