वडापच्या हुडापासून उठत्या टपापर्यंत

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजूनही 'हूड व कुशन वर्क्स' असंच लिहिलंय. पाटी बदलायची असं दोन-तीनदा ठरलं, पण पेंटर आला की अण्णा त्याला चहा पाजून परत पाठवतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि ग्राइंडरच्या आवाजात त्यांनी शिलाई मशीन मांडलं ते वडापच्या, म्हणजे गावोगाव भाड्यानं माणसं नेणाऱ्या, जीपसाठी. आत बसलेली माणसं, मागं लोंबकळणारी माणसं आणि वर कॅनव्हासचं हूड. गारगोटी, राधानगरी, गगनबावडा या वाटांवर पळणाऱ्या जीपचं हूड दोन-तीन पावसाळ्यांत विटायचं, त्यामुळे मे महिन्यात आमच्या दारात रांग लागायची. पुढे पत्र्याच्या टपाच्या गाड्या आल्या आणि रांग आटली. सीट कव्हर शिवून घर चाललं. मी आयटीआय करून शिरोलीत फॅब्रिकेशन शिकून परत आलो, तेव्हा हुडाची मोठी कात्री खिळ्याला टांगलेली होती.

२०२० सालचा लॉकडाऊन उठला, पण लॉज बंदच होते. गोकुळ शिरगावात फाउंड्री असलेले आमचे एक जुने गिऱ्हाईक त्यांची गुरखा जीप घेऊन दारात आले. मोबाइलवर एक फोटो दाखवला. परदेशातली जीप, तिचा टप एका बाजूनं वर उचललेला, खाली कापडाची भिंत आणि आत अंथरूण. "असं होईल का?" मी पटकन हो म्हणालो. त्या 'हो'ची किंमत मला पुढचे आठ महिने कळत होती.

टप कापणं अवघड नाही. गुरखा, थार, बोलेरो या गाड्यांची बॉडी वेगळ्या शिडीसारख्या चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसवलेली असते, त्यामुळे रस्त्याचा मुख्य भार चॅसी घेते. ज्या गाडीची बॉडी हीच चॅसी असते, तिचा टप आम्ही आजही कापत नाही. पण चॅसी वेगळी असली तरी टपाच्या आडव्या पट्ट्या बॉडीला पीळ बसू देत नाहीत, हे मी विसरलो. आधी आतून आधार वेल्ड करायचा, मग कटर लावायचा. मी उलटं केलं. पत्रा उतरवला आणि मागचं दार लागेना. जॅक लावून बॉडी जागेवर आणण्यात चार दिवस गेले. आता कापण्याआधी दारांच्या फटी मोजून वहीत लिहितो, आणि कापल्यावर भोकाच्या कडेनं चौकोनी पाइपची बंद चौकट बसवतो. कापलेल्या कडेला त्याच दिवशी झिंक प्रायमर. संध्याकाळ झाली, उद्या मारू, असं म्हटलं की आपल्या हवेत गंज वाट बघत बसत नाही.

नवा टप फायबरचा. फायबरला साचा लागतो, आणि फाउंड्रीच्या गावात साच्याला काय तोटा! लाकडी पॅटर्न बनवणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मापं घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आकसण्याचं किती धरू?" बिडाचं ओतीव थंड होताना शंभराला एक आकसतं, म्हणून त्यांची पट्टीच तेवढी मोठी आखलेली असते. मी हसलो, फायबरला काय आकसायचंय? मिस्त्री काही बोलले नाहीत. पण फायबरमधलं रेझिन वाळताना आकसतंच. पहिला टप मागच्या कोपऱ्यात इतका ओढला गेला की खालचं रबर तिथं टेकेना. दुसरा टप त्यांनी त्यांच्या अंदाजानं केला, तो बसला. त्यांनी मला चिडवलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

बिजागरी कुठं द्यायची यावर मात्र घरात एकमत होतं. पुढेच. चालत्या गाडीत मागची कडी सुटली, तरी समोरून येणारा वारा टप खालीच दाबतो. बिजागरी मागं असती तर तोच वारा टप उपटून नेईल. मुक्कामालाही गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा म्हणून सांगतो. पुढची बाजू बुटकी असते, वारा वरून निघून जातो.

टप उचलायला गॅसचे दांडे. आमचा टप चाळीस किलोच्या आसपास भरला. मी दणकट दांडे घेतले, म्हटलं सुखानं उघडेल. उघडला सुखानं, पण बंद करताना दोघं लोंबकळलो तेव्हा कडी लागली. शिवाय टप बंद असताना दांडा जवळजवळ आडवा पडलेला असतो, त्याचा जोर वर लागतच नाही. पहिली वीतभर हातानंच रेटावी लागते. थंडीत आतल्या वायूचा दाब उतरून जोर आणखी घटतो. शेवटी मध्यम ताकदीचे दांडे आणि ओढायला आतून एक पट्टा, एवढ्यावर भागलं.

आता कापड. मी दुकानातली पीव्हीसीची ताडपत्री निवडली, कारण तिच्यातून थेंब जात नाही. जुलैत गिऱ्हाईक बायकोला घेऊन गगनबावड्याला मुक्कामाला गेले. सकाळी सात वाजता फोन. "गळतंय." गाडी आणली, सगळे सांधे पुन्हा सीलंटनं भरले. पुढच्या आठवड्यात परत फोन. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मी बिजागरीच उखडायला काढली, तेव्हा अण्णा उठून आले. टपावर पाइपनं पाणी सोडायला सांगितलं आणि स्वतः आत जाऊन बसले. अर्ध्या तासानं कोरडे बाहेर आले.

"आरं, ह्ये पाणी वरनं न्हाई आलेलं. दोन माणसं रातभर श्वास सोडत्यात, त्यो जाणार कुठं? कापडानं तोंड दाबलंय त्याचं."

खिळ्यावरची कात्री त्या दिवशी खाली आली. अण्णांनी सुती कॅनव्हास आणला. सुती कापडातून वाफ बाहेर जाते, आणि पाऊस लागला की धागा फुगून विणीतली आणि सुईची भोकं आपोआप बुजतात. म्हणून नवं कापड आधी चिंब भिजवून, वाळवून, पुन्हा भिजवायचं, मगच गाडीला लावायचं. हुडाला ते हेच करत होते. पावसात आतून हात टेकवला की तिथंच झिरपायला लागतं, हेही प्रत्येक गिऱ्हाइकाला ते स्वतः सांगतात, मला सांगू देत नाहीत. दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या त्यांनीच काढल्या. टप खाली येताना कापड कडीत चिमटू नये म्हणून कंबरेला लवचीक दोरी ओवली, ती कापड आत ओढून घेते. ओलं कापड तसंच मिटून ठेवलं तर बुरशी येते. घरी पोचलात की आधी टप उघडा, मग आंघोळ करा.

बाकी सामान त्या मानानं सोपं. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट वीज. छोटा फ्रीज आणि दिवे दीड-दोन दिवस चालतात, गाडी चालली की भरते. शेगडी मागच्या दाराबाहेर सरकत्या फळीवर. आतच मटण शिजवू द्या म्हणणारे भेटतात, पण कापडाखाली जाळ आणि झोपलेली माणसं हे आम्हाला जमत नाही. टपावर वर सामानाचा कॅरिअरही देत नाही. आधीच वजन उंचावर गेलेलं असतं, करूळ घाटाच्या वळणाला ते कळतं.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकातल्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. पहिल्या गाडीच्या वेळी हे मला नीट ठाऊक नव्हतं, हे लपवण्यात अर्थ नाही. आता आधी आरटीओची परवानगी, मग विमा कंपनीला पत्र, मग कटर. यामुळे दहातली सहा गिऱ्हाइकं चौकशी करून निघून जातात. जाऊ देत.

आजवर अकरा गाड्या झाल्या. बारावी सध्या दुकानात टपाशिवाय उभी आहे, मालक रोज फोन करतो. तिचं कापड मागच्या बोळात दोरीवर टांगलंय. दोनदा भिजून वाळलंय, माझ्या मते झालंय. अण्णा म्हणतात अजून एक पाऊस खाऊ दे.