यादीतलं पहिलं नाव अण्णांचं

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं त्या आठवड्यात मी माझ्या स्वतःच्या लग्नाचा अल्बम काढून बसले. तीनशेच्या वर फोटो. त्यात अण्णा शोधले. दोनदा सापडले. एकात पाठमोरे, पंगतीकडे बुंदीची परात नेताना; दुसऱ्यात कडेला, कुणाच्या तरी फेट्याआड अर्धे. कन्यादानाला आमच्याकडे थोरल्या काका-काकूंचा मान, त्यामुळे तिथेही ते नाहीत. आई-अण्णा दोघं मिळून असा एकही फोटो नव्हता. कॅमेरावाल्याला मी काही सांगितलंच नव्हतं. लग्नाचे फोटो काढायचे म्हणजे सगळे येतातच, अशी माझी समजूत होती.

म्हणून या वेळी यादी करायचं ठरवलं. मोबाइलवर बघून बघून पहिली यादी १४० फोटोंची झाली. अंगठ्या, मेंदीचे हात, हिरवा चुडा, मुंडावळ्या बांधताना, आरशात बघताना. सांगलीत विश्रामबागेतल्या फोटोग्राफरकडे ती घेऊन गेले. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "ताई, विधी मला पाठ आहेत. अंतरपाट कधी पडणार, कानपिळी कधी होणार, ते मला सांगावं लागत नाही. माणसं मात्र माझ्या ओळखीची नाहीत. ती तुम्ही द्या."

त्या एका वाक्याने माझं सगळं काम बदललं. घरी येऊन यादी फाडली आणि आईला घेऊन बसले. तिला विचारलं, कुणाचा फोटो राहिला तर तुला आयुष्यभर रुखरुख लागेल? तिने १७ नावं सांगितली. पहिलं अण्णांचं. मग आष्ट्याच्या आत्याचं, जिने आम्हा दोघी बहिणींच्या वेळी आईची बाळंतपणं काढली. तिला गुडघ्यांमुळे स्टेजवर चढवत नाही. मग शेतात वीस वर्षं आमच्याबरोबर राबलेल्या मावशी, ज्या लग्नात स्टेजकडे फिरकणारच नाहीत हे आम्हाला माहीत होतं. ही नावं मोबाइलवरच्या कुठल्याच यादीत मिळाली नसती.

दुसरं काम वेळेचं. गुरुजींना भेटून क्रम लिहून घेतला. मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा. फोटोग्राफरांचा हिशोब असा, की माणसं जवळ उभी असतील तर एका ग्रुपला दोन मिनिटं आणि शोधून आणायची असतील तर पाच. आमचे ग्रुप २२ होते. म्हणजे शोधाशोधीतच जवळजवळ दोन तास गेले असते, आणि तेवढ्यात पंगती बसून पाहुणे गाडीला लागतात. मग ११ ग्रुप ठेवले. आमच्याकडचे बहुतेक मुहूर्ताआधी, नवरी तयार झाली की लगेच, वरपक्षाचे आणि आमचे उरलेले जेवणानंतर. मामाच्या मुलाला फोटोग्राफरबरोबर दिवसभर ठेवलं. त्याला सगळे नातेवाईक तोंडपाठ आणि आवाज खणखणीत. हे फार उपयोगी पडलं. घरातलं माणूस बरोबर नसेल तर कागदावरची नावं कागदावरच राहतात.

पहिली पत्रिका सांगलीच्या गणपतीला ठेवली, तेव्हा मंदिराच्या पटांगणात घरच्यांचा एक फोटो मीच मोबाइलवर काढला. त्यासाठी कॅमेरा बोलावला नाही. खर्च धरायचा तर हळदीला आणि अक्षतांना धरायचा, हे आमचं पक्कं होतं.

हळद आदल्या दिवशी, घरीच. आमचं गाव कसबे डिग्रजजवळ, हळदीचंच रान. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा अण्णांनी पेपरातलं कात्रण देव्हाऱ्यामागे जपून ठेवलं होतं. लग्नासाठी त्यांनी स्वतःच्या शेतातली हळकुंडं निवडून वेगळी काढली होती. फोटोग्राफर एकदा अंगण बघून गेले आणि एकच गोष्ट बजावली. मांडवाला पिवळं-केशरी कापड नको. त्यातून झिरपणारं ऊन चेहऱ्यावर उतरतं आणि मग लावलेली हळद दिसतच नाही. आम्ही पांढरं कापड लावलं. वैशाखातलं ऊन डोक्यावर यायच्या आत, नऊपर्यंत उरकायचं होतं. पण नवरदेवाची उष्टी हळद तासगावहून यायची, ती गाडी पाऊण तास उशिरा आली.

तो पाऊण तासच कामी आला. सुवासिनी जात्याभोवती बसल्या होत्या. अण्णा नेहमीप्रमाणे, "आधी पाव्हण्यांच्या चहाचं बघा," म्हणत मागे सरकत होते. मी फोटोग्राफरांकडे नुसतं बघितलं. अण्णांनी हळकुंडांचं सूप आईच्या हातात दिलं, दोघांचेही हात सुपावर, आणि आई काहीतरी बोलली म्हणून ते हसले. उभे राहा, इकडे बघा, असं कुणी म्हणालं नाही. त्यांना कळलंही नाही.

अक्षतांच्या वेळी मोठी भीती होती ती मोबाइलची. अंतरपाट पडतो त्या क्षणी दहा हात मध्ये येतात. काकांनी माईकवरून आधीच हात जोडून सांगितलं, मंगलाष्टकं होईपर्यंत स्टेजवर फक्त करवल्या, मामा आणि गुरुजी. लोकांनी ऐकलं. फोटोग्राफर स्वतः वर, त्यांचा जोडीदार खाली स्टुलावर, हवेतल्या अक्षता टिपायला. त्यासाठी शटर वेगात ठेवावं लागतं आणि कार्यालयात उजेड कमी, म्हणून कोपऱ्यांत दोन फ्लॅश आधीच उभे केले होते. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात का, हेही मी विचारून घेतलं होतं. तुम्हीही विचाराच. हा दिवस परत येत नाही.

वरात उशिरा आली, तरी मुहूर्त चुकला नाही. पण जेवणानंतरचे ग्रुप गडबडले. ११ पैकी ९ झाले. शेतातल्या मावशींचा झाला. धाकटी स्वतः स्टेजवरून उतरून त्यांच्या पंगतीत गेली. आत्याचा मात्र राहिला. तिचा जावई तीनच्या एसटीसाठी घाई करत होता आणि मामाचा मुलगा तेव्हा वरपक्षाची माणसं गोळा करण्यात अडकला होता. रात्री यादीवर खुणा करताना ते नाव मोकळं दिसलं आणि मला रडू आलं.

मांडवपरतणीला जोडी आली, तेव्हा आम्ही सगळे आष्ट्याला गेलो. धाकटीने लग्नातलाच शालू नेसला. आत्याने दारातल्या खाटेवर बसूनच दोघांची दृष्ट काढली, आणि अण्णांनाही हाक मारून शेजारी बसवून घेतलं. मोबाइलवरचाच फोटो आहे. अल्बमच्या शेवटच्या पानावर तो लावून घेतला.