चिलटांची वंशावळ, नोंद ४ : मॉरिशसची माशी सिम्युलान्सच्या पोटात

आधी एक खुलासा. आंब्याच्या बागेत सापळे लावून पकडतात ती फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा, तिचं कुळच वेगळं. माझा उद्योग ड्रोसोफिलाचा, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांचा.

या खेपेला डीएनएवरून वंशवृक्षाचं झाड काढायला त्यांच्या पाच प्रजाती घेतल्या. मेलानोगास्टर, सिम्युलान्स, मॉरिशसची मॉरिशियाना, सेशेल्सची सेशेलिया, आणि झाडाला मूळ लावायला, म्हणजे तुलनेला लांबची नातेवाईक म्हणून, याकुबा. (१९८५ साली याकुबाच्या मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराचा, अख्खा जीनोम वाचून झाला होता, १६,०१९ अक्षरांचा. तेव्हापासूनची ही मानकरी.) जेनबँकेतून, म्हणजे जनुकक्रमांच्या सार्वजनिक साठ्यातून, मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा ‘बारकोड’वाला (प्रजाती ओळखायला वापरतात तो) ६५८ अक्षरांचा तुकडा उतरवला. सिम्युलान्सचे नमुने मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणचे.

शनिवारची दुपार फुकट गेली. क्रम एकाखाली एक जुळवून प्रथिनात भाषांतर केलं, तर मधेच जागोजागी ‘थांबा’च्या खुणा, ज्या जनुकाच्या शेवटीच असायच्या. तासभर जेनबँकेला नावं ठेवली. चूक माझीच: सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचा जनुकीय संकेत तसाच ठेवला होता. माश्यांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए या तीन अक्षरांचा अर्थ थांबा नाही, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. मेनूत अपृष्ठवंशीयांचा संकेत निवडला आणि सगळं सुरळीत.

झाड मात्र विचित्र आलं. मॉरिशियाना थेट मादागास्करच्या सिम्युलान्सला बिलगलेली, आणि जगभर आढळणारी सिम्युलान्स त्या दोघींपासून लांब. म्हणजे एकच प्रजाती दोन फांद्यांवर! फायलींची नावं अदलाबदल झाली असणार म्हणून सगळे क्रमांक पुन्हा ताडून पाहिले, दुसरे नमुने घेतले. तेच झाड.

मग वाचत बसलो. सिम्युलान्समध्ये मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे तीन ठळक गट आहेत आणि त्यांतला मादागास्कर-रियुनियनकडचा गट मॉरिशियानात शिरलेला आहे. शिरला कसा, हे मला सगळ्यात आवडलं. या दोन प्रजातींच्या संकरातले नर वांझ निघतात, माद्या नाही. मायटोकॉन्ड्रिया येतो आईकडून. तेव्हा संकरित मादी पिढ्यानपिढ्या मॉरिशियानाच्याच नरांशी जुळत गेली, तर पेशीकेंद्रातला डीएनए हळूहळू मॉरिशियानाचा होतो, मायटोकॉन्ड्रिया मात्र सिम्युलान्स आजीचाच राहतो. सीओआयने खोटं सांगितलं नव्हतं. त्याने फक्त आजोळची वंशावळ सांगितली.

म्हणून पेशीकेंद्रातलं एडीएच (अल्कोहोल पचवणारं) जनुक घेतलं. मेलानोगास्टर झटक्यात बाजूला पडली, पण उरलेल्या तिघींत आधी कोण फुटलं ते ठरेना. बूटस्ट्रॅपमध्ये, म्हणजे तीच माहिती पुन्हापुन्हा उचलून झाडाची खात्री करताना, दर फेरीला नवी जोडी. या तिघी वेगळ्या होऊन जेमतेम अडीच लाख वर्षं झाली असावीत, आणि मूळ पूर्वजातलंच वैविध्य तिघींत कसंही वाटलं गेलंय. एकेका जनुकाला विचारलं की एकेक उत्तर मिळणार.

आता एक्स गुणसूत्रावरचं पीरियड जनुक उतरवलंय. इंट्रॉन्सच्या (जनुकातल्या, प्रथिनात न उतरणाऱ्या तुकड्यांच्या) कडा हाताने तपासायच्या बाकी आहेत, कारण आपोआप जुळवलेल्या रांगेत तिथेच घोळ दिसतोय.