कवच एकीकडे, गाभा दुसरीकडे

८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोच्या चिवावा राज्यात आयेंदे नावाची अशनी पडली. तिचे सुमारे दोन टन तुकडे गोळा झाले. त्यातलेच काही त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत होते: काही बाहेरच्या काळ्या कवचाचे, काही आतल्या भागातले. कापताना प्रत्येकाची एकमेकांच्या संदर्भातली दिशा जपलेली होती. ती हरवली तर दगडाचं चुंबकत्व मोजून उपयोग नाही.

आमच्या कामात पहिली शंका हीच, की दगडातलं चुंबकत्व अंतराळातलं की पृथ्वीचं? वातावरणातून येताना अशनीचा पृष्ठभाग वितळतो आणि निवताना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र टिपून घेतो. पण ती धग जेमतेम काही मिलिमीटर आत पोचते. त्यामुळे कवचाची आणि आतली दिशा वेगळी निघाली, तर आतली नोंद पडण्याआधीची.

माणसाचा हात मात्र खोलवर पोचतो. अशनी आहे का हे बघायला हौशी लोक दगडाला लोहचुंबक लावतात आणि साडेचार अब्ज वर्षं टिकलेली नोंद क्षणात पुसली जाते. असे नमुने पाहिले की जीव तुटतो.

एकेक तुकडा थोडा तापवायचा, शून्य क्षेत्रात गार करायचा, मॅग्नेटोमीटरवर मोजायचा, मग आणखी थोडा तापवायचा. आलेखावर कवचाचे बिंदू एका बाजूला जमत गेले. आतल्या तुकड्यांचे भलत्याच दिशेला, पण सगळे एकत्र! २९० अंश सेल्सिअसच्या आसपास ते चुंबकत्व ओसरलं. आतलं चुंबकत्व पडण्याआधीचं आहे हा २०११ साली छापलेला निष्कर्ष मला ठाऊक होता, तरी तो माझ्या हातच्या मोजणीतून उमटताना पाहून मी उभीच राहिले.

कारण आयेंदेचा आतला दगड कधी वितळलेलाच नाही. त्यातले गोलकण, म्हणजे सौरमालेच्या आरंभीचे बारीक गोल दाणे, अजून शाबूत आहेत. मग पृथ्वीच्या आजच्या क्षेत्राच्या तोडीचं क्षेत्र त्याला भेटलं कुठे? नवजात सूर्याभोवतीच्या वायूचं क्षेत्र तोवर विरलं असणार, कारण ही नोंद काही दशलक्ष वर्षं उशिराची आहे. एक उत्तर असं: आयेंदे ज्या लघुग्रहाचा तुकडा, त्याचं पोट अॅल्युमिनियम-२६च्या किरणोत्सारी उष्णतेने वितळलं, लोखंड केंद्राकडे जाऊन गाभा घुसळू लागला, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार झालं आणि वरचा थर कच्चाच राहिला. काही संशोधक मात्र श्रेय सौरवाऱ्याला, म्हणजे सूर्यापासून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाला देतात. त्याचं क्षेत्र एवढं तीव्र होईल हे मला पटत नाही; माझा कौल गाभ्याला.