मंगल पांडेच्या आधी, त्याच बराकपूरला

शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा वर्गात हा प्रश्न दरवर्षी यायचा. आता निवृत्त झाले, तरी लग्नाकार्यात भेटलेले जुने विद्यार्थी तेच विचारतात : "बाई, मंगल पांडेच्या आधी कंपनीच्या शिपायांनी कधी बंड केलंच नव्हतं का?"

केलं होतं. १० जुलै १८०६ ला वेल्लोरच्या किल्ल्यात मद्रास फौजेचे शिपाई मध्यरात्रीनंतर उठले. नव्या तऱ्हेची टोपी घालायची, दाढी काढायची, कपाळी गंध आणि कानात कुंडलं नकोत, असे हुकूम आले होते. टिपूची मुलं त्याच किल्ल्यात नजरकैदेत होती. अर्काटहून आलेल्या घोडदळानं त्याच दिवशी उठाव मोडला. वेल्लोरचं नाव आता अधूनमधून कानावर येतं. मला सांगायचंय ते दुसऱ्याच घटनेबद्दल. ती घडली कलकत्त्याजवळच्या त्याच बराकपूरच्या छावणीत, जिथे २९ मार्च १८५७ ला मंगल पांडेनं बंदूक उचलली. पण ३३ वर्षं आधी.

साल १८२४. ब्रह्मदेशाशी कंपनीची पहिली लढाई जुंपली होती. बंगाल फौजेची ४७ वी पलटण मथुरेहून चालत बराकपूरला पोचली, आणि तिला लगेच हुकूम मिळाला : आता चितगावच्या दिशेनं कूच करा. मथुरा ते कलकत्ता हे अंतर नकाशावर बोटानं मोजून बघा. तेवढं पायी तुडवून आलेल्या माणसांना पुढची मजल सांगितली जात होती.

तरी ते चालायला तयार होते. अडलं ते बैलांपाशी.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं प्रकरण इथेच आहे. त्या पलटणींत अवध-बिहारकडचे ब्राह्मण आणि राजपूत शिपाई खूप होते. त्यांच्यात सोवळं-ओवळं कडक. ज्याचा त्याचा स्वयंपाक वेगळा, त्यामुळे ज्याची त्याची भांडीही वेगळी. तवा, लोटा, थाळी, वर पांघरूण, आणि मग पाठीवरची सरकारी पिशवी, बंदूक, काडतुसं. माझे वडील मराठा पलटणीत हवालदार होते. सुट्टीवर आले की त्यांचा पिट्टू, म्हणजे पाठीवरची पिशवी, आम्ही दोघं बहीणभाऊ मिळून ओट्यावर चढवायचो, आणि त्यात भांडी म्हणजे एक मग आणि एक ताटली एवढंच असायचं. ४७ व्या पलटणीचा शिपाई स्वतःचं सामान बैलावर लादायचा, आणि त्या बैलाचं भाडं आपल्या पगारातून भरायचा. रंगूनच्या मोहिमेसाठी सरकारनं बंगालमधली जनावरं आधीच उचलली होती. उरलेल्यांचे भाव शिपायाच्या आवाक्याबाहेर गेले. शिपायांचं म्हणणं साधं होतं : बैल द्या, नाहीतर दुप्पट भत्ता द्या, म्हणजे आमचे आम्ही बघतो. पाठीवरच्या पिशव्याही फाटून गेल्या होत्या. पलटणीच्या कर्नल कार्टराइटनं बैल मिळवायची खटपट केली, पण ती पुरली नाही.

त्यात अफवा. त्याच वर्षी मे महिन्यात रामू इथे ब्रह्मी फौजेनं कंपनीच्या तुकडीचा धुव्वा उडवला होता आणि ब्रह्मी सैनिकांना जादू येते असं छावणीत बोललं जात होतं. चितगावहून पुढे आपल्याला जहाजात घालणार, अशीही कुणकुण होती. समुद्र ओलांडला की जात गेली. शिपायांनी गंगाजल आणि तुळस हातात घेऊन शपथ घेतली की जहाजात पाय ठेवायचा नाही.

१ नोव्हेंबरला परेडला सामान पाठीवर बांधून हजर राहायचं होतं. ते आले नाहीत, जे आले ते हलले नाहीत. २६ व्या आणि ६२ व्या पलटणीतलेही काही जण येऊन त्यांना मिळाले. पुढारी म्हणून नाव घेतलं जातं ते बिंदी तिवारी या शिपायाचं. गोऱ्या अधिकाऱ्यांना कुणी हात लावला नाही. दारूगोळ्याच्या कोठारावर कुणी चालून गेलं नाही. अख्खी रात्र ती माणसं मैदानात उभी राहिली आणि त्यांनी अर्ज पाठवला : आम्हाला फसवलंय, जहाजात जायचं नाही, आमची नावं कमी करा आणि घरी जाऊ द्या.

सरसेनापती होता एडवर्ड पॅजेट. युरोपातल्या युद्धात त्याचा एक हात गेला होता. तो रात्रीतून कलकत्त्याच्या बाजूनं गोऱ्या पलटणी, तोफा आणि गव्हर्नर जनरलचं अंगरक्षक दल घेऊन आला. २ नोव्हेंबरच्या सकाळी निरोप गेला : हत्यारं खाली ठेवा, विचाराला दहा मिनिटं. शिपाई उभेच राहिले. मग मागच्या बाजूनं तोफा सुरू झाल्या.

पहिल्या माऱ्यालाच माणसं पांगली. काही हुगळीत उतरली आणि बुडाली, बाकीच्यांच्या पाठीवर घोडदळ गेलं. मेलेल्यांच्या आकड्यावर एकमत नाही. १८० च्या आसपास हा आकडा नेहमी दिला जातो.

मैदानावर टाकून दिलेल्या बंदुका नंतर गोळा केल्या, तेव्हा त्या भरलेल्या नव्हत्या. काडतुसं जवळ असून कुणी बंदूक भरली नव्हती.

मी वर्गात इथे थांबायची. मुलांना हे सांगताना मला दरवेळी गलबलून यायचं आणि ते मी लपवत नसे.

पुढचं सगळं झटपट झालं. कोर्टमार्शल, डझनभर जणांना फाशी, बाकीच्यांना साखळदंड घालून रस्त्याच्या कामाची सक्तमजुरी. बिंदी तिवारीला फाशी देऊन त्याचं प्रेत साखळ्यांत लटकवून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायानं बघावं म्हणून. ४७ वी पलटण फौजेच्या यादीतून खोडली गेली. लंडनच्या पार्लमेंटात १८२७ मध्ये खासदार जोसेफ ह्यूम यांनी विषय काढला, पण त्यातून काही निघालं नाही. जहाजाची ती भीती मात्र कंपनीच्या चांगली लक्षात राहिली. १८५६ मध्ये तिनं नियमच केला की नवा भरती होणारा प्रत्येक जण समुद्रापार जायला बांधलेला असेल. त्याच्या पुढच्याच वर्षी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

बराकपूरला लोकांनी बिंदा बाबाचं देऊळ बांधलं. सरकारनं ज्याचं प्रेत भीती बसावी म्हणून टांगलं, त्याला लोक हात जोडायला लागले.

काही जण मला म्हणतात, हे कसलं बंड, ही तर पगार-भत्त्याची तक्रार. मला ते पटत नाही. त्यांना राज्य उलथायचं नव्हतं हे खरं. पण हुकूम मोडला तर काय होतं हे फौजेत पहिल्या दिवसापासून शिकवतात. ते माहीत असताना शेकडो माणसं एकमेकांच्या शेजारी रात्रभर उभी राहिली, पळाली नाहीत आणि दहा मिनिटांची मुदत मिळाल्यावरही जागची हलली नाहीत. मी त्याला बंडच म्हणते, आणि मंगल पांडेचं नाव घेताना बिंदी तिवारीचंही घेते.

वडील होते तेव्हा एकदा त्यांना ही हकिगत सांगितली होती. ते शेवटपर्यंत गप्प ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "बंदुका का नव्हत्या भरल्या, माहीत आहे का तुला?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगा, आप्पा."

"भरली की रोखावी लागते. समोर त्यांचाच साहेब होता. त्यांना वाटलं, आपण बोललो तर तो ऐकेल."